दुपारचे शटर आणि फुकटचे उपदेश

‘विमानतळ झाला, आता तरी दुपारची झोप सोडा.’ पनवेलच्या जुन्या बाजारातल्या दुकानदारांना हा सल्ला सध्या फुकटात आणि घाऊक मिळतो आहे. देणाऱ्यांत व्यवसाय-मार्गदर्शनाची शिबिरे घेणारे आहेत, मुंबईत एसी ऑफिसात बसणारे भाचे-पुतणे आहेत आणि प्रत्येक वाक्याआधी ‘पनवेल बदलतंय’ म्हणणारे जागेचे दलालही आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. त्याच ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने दारूविक्रीची ठिकाणे वगैरे वगळता बाकीची दुकाने चोवीस तास उघडी ठेवता येतात, असे स्पष्ट केले. या दोन गोष्टींची गाठ मारून निष्कर्ष काढला गेला, तो असा: टपाल नाक्यापासून मिरची गल्लीपर्यंत एप्रिल-मेच्या दुपारी जो शटर ओढून आडवा होतो तो आळशी, मागासलेला आणि लवकरच बुडणारा.

छोट्या दुकानदारांच्या वह्या लिहिणे, जीएसटीची विवरणपत्रे भरणे हे माझे पोटापाण्याचे काम. त्यामुळे या निष्कर्षाला उत्तर द्यायचे तर मी आधी रोजमेळाकडे जाणार. आरोग्य, संस्कृती वगैरे नंतर.

समजा, गल्लीतले एक किराणा दुकान आहे. सकाळी आठ ते रात्री साडेनऊ उघडे, रोजचा गल्ला बारा हजार. एप्रिलच्या दुपारी दीड ते साडेचार या तीन तासांत त्यातले किती येत असतील? सढळ हाताने नऊशे धरू. कुणाचे रिचार्ज, एखादी दुधाची पिशवी, शेजारच्या दुकानातल्या पोऱ्याने नेलेले बिस्किटाचे पुडे. यातले निम्मे गिऱ्हाईक गल्लीतलेच. दुपारी शटर बंद दिसले तर ते सहाला येते. म्हणजे खरी बुडालेली विक्री साडेचारशेची. किराण्यात बारा टक्के सुटतात असे धरले तर बुडालेला नफा रोजचा चोपन्न रुपये. तीन तासांना चोपन्न, तासाला अठरा. एवढ्या मजुरीवर या मालकाला पनवेलमध्ये दुसरा माणूस मिळणार नाही, स्वतःला मात्र तो याच दराने राबवतो. आणि यातून अजून पंख्या-दिव्यांचे व्यापारी दराचे वीजबिल वजा केलेले नाही.

आकडे मानलेले आहेत, हे कबूल. मग ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. पूर्वी हे कठीण होते, कारण रोजमेळात रक्कम असायची, वेळ नसायची. आता काउंटरवर क्यूआर कोडचा स्टँड आहे आणि फोनमधल्या यादीत प्रत्येक रकमेपुढे तास-मिनिट लिहिलेले आहे. गेल्या एप्रिलची यादी काढा, दीड ते साडेचारच्या नोंदी बेरजेला घ्या, आपल्या धंद्यात सुटणाऱ्या टक्क्याने गुणा. कापडवाल्याचा टक्का जास्त असेल, पण त्याच्या दारात दुपारी चिटपाखरू नसते. भांडीवाल्याचेही तेच. ज्यांचा आकडा खरोखर मोठा निघेल त्यांनी दुकान अवश्य उघडे ठेवावे, मी त्यांच्याशी भांडत नाही. माझे भांडण हा हिशेब न करताच ‘उघडे ठेवा’ म्हणणाऱ्यांशी आहे.

खर्चाची दुसरी बाजू वहीत दिसत नाही. छोट्या धंद्यात मालक हाच खरेदी अधिकारी, तोच वसुली कारकून, तोच हमाल आणि गिऱ्हाईकाशी गोड बोलणाराही तोच. टेम्पोतून पन्नास किलोचे पोते उतरवून झाले की त्याच हाताने त्याला बिल तपासायचे असते. दुपारभर घामात बसलेला माणूस संध्याकाळी सात वाजता, जेव्हा खरा धंदा असतो तेव्हा, काय करतो ते गल्लीत उभे राहून पाहा. सुट्टे मोजताना चुकतो, मुदत संपत आलेला माल मागे राहतो, जुन्या गिऱ्हाईकावर खेकसतो, उधारी लिहायची विसरतो. विसरलेली एक उधारी चोपन्न रुपयांचे कितीतरी दिवस खाऊन टाकते.

हे केवळ माझे निरीक्षण नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये वाढत्या उष्म्याचा कामावर काय परिणाम होतो यावर अहवाल काढला. मध्यम श्रमाचे काम करणाऱ्याची क्षमता ३३-३४ अंशांना निम्म्यावर येते, असे त्यात म्हटले आहे. १९९५ मध्ये भारताचे ४.३ टक्के कामाचे तास उष्म्याने वाया गेले आणि २०३० पर्यंत हे प्रमाण ५.८ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके होईल, असा त्यांचा अंदाज. हे तास उन्हाने खाल्लेलेच आहेत. दुकान उघडे ठेवले म्हणून ते परत मिळत नाहीत. फक्त त्यांच्या जागी माणूस बसून राहतो.

इथे एक जण हमखास म्हणतो, ‘नागपूर-चंद्रपूरला ४५-४६ अंश असतात, आमच्या पनवेलला कसला आलाय उन्हाळा?’ हवामान खाते असे मानत नाही. मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो, किनारपट्टीवर तो ३७ पासून होतो. कारण साधे आहे. अंग थंड होते ते घाम वाळल्यामुळे, आणि खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. त्यात जुन्या बाजारातले कितीतरी गाळे पत्र्याखाली. पश्चिमेचा वारा सुटायला दुपार कलावी लागते, आणि सुटला तरी गल्लीत शिरेल तेव्हा खरा. गंमत म्हणजे ज्या नागपूरचे नाव घेतले जाते, तिथे उन्हाळी दुपारी कित्येक चौकांतले सिग्नलच बंद ठेवतात, लोकांना उन्हात थांबावे लागू नये म्हणून. तिथे बाजारही दुपारी निवांत असतो आणि त्याला कुणी आळस म्हणत नाही.

पनवेलकराला हे दुसरीकडून शिकायची गरजही नाही. १६ एप्रिल २०२३ चा रविवार विसरलो का आपण? खारघर पनवेल महापालिकेच्या हद्दीतच येते. तिथल्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसे भर उन्हात बसली होती. पारा ३८ अंशांच्या आसपास, म्हणजे विदर्भाच्या मानाने काहीच नाही. उष्माघाताने १४ माणसे गेली. त्यानंतर सरकारने दुपारी बारा ते पाच या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असे ठरवले. समारंभाच्या बाबतीत जे शहाणपण चौदा जीव गेल्यावर सुचले, ते बाजाराच्या बाबतीत कोण जाण्याची वाट पाहते आहे? दुकानदार मैदानात नसतो, सावलीत असतो, हा फरक मान्य. पण तो एक दिवस बसत नाही, साठ दिवस बसतो. आणि त्याला चक्कर आली तर ती ‘शुगर वाढली असेल’ किंवा ‘जागरण झाले असेल’ या खात्यावर जाते.

आता आरोग्याची गोष्ट निघालीच आहे तर गावचीच साक्ष काढू. १८७२ मध्ये पनवेलमध्ये धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू झाला आणि पनवेलचे नाव वैद्यांच्या कपाटांतून देशभर पोचले. त्या कपाटांशेजारी ज्या वाग्भटाचे अष्टांगहृदय असते, तो दिवसा झोपण्याच्या बाबतीत कडक आहे. इतर ऋतूंत त्याला ते सहसा मान्य नाही. सूट आहे ती उन्हाळ्याला: या काळात शरीराचे बळ कमी झालेले असते, रुक्षता वाढते आणि रात्री लहान असतात, अशी कारणे तो देतो. लहान रात्रींचे कारण आजच्या पनवेलला तर जास्तच लागू आहे. देहरंग धरण आटत आले की पाण्याच्या वेळांसाठी पहाटे उठावे लागते, रात्री दुकान आवरून जेवेपर्यंत अकरा वाजतात, आणि मध्ये उकाड्याने डोळा लागत नाही. ग्रंथ जुना आहे म्हणून तो मानावा, असे मी म्हणत नाही. पण दुपारी पडणे हा अलीकडच्या सुखवस्तूपणाचा चाळा आहे, असे म्हणणाऱ्यांनी तो उघडून पाहावा.

चोवीस तासवाल्यांचा आवडता दाखला पुण्याचा. ‘एक ते चार बंद’ची पाटी, त्यावरचे विनोद, आणि मग विजयी मुद्रेने: ‘शेवटी चितळ्यांनीसुद्धा २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडे ठेवायला सुरुवात केलीच ना!’ केली. पण ती कशाच्या जोरावर, हे कुणी सांगत नाही. मोठ्या दुकानाकडे माणसे असतात, पाळ्या लावता येतात. दुपारी एक जण घरी गेला की दुसरा गल्ल्यावर बसतो. देशात असंघटित क्षेत्रातल्या बिगरशेती आस्थापना सात कोटींहून जास्त आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत एकही पगारी माणूस नाही. मालक किंवा घरचेच कुणी. तिथे दुपारची पाळी म्हणजे सकाळच्याच माणसाची दुसरी पाळी. आणि ज्यांच्याकडे एखादा-दुसरा पोऱ्या असतो तोही मे महिन्यात लग्नाला गावी जातो, मग तो गावी आझमगढला जावो की म्हसळ्याला. ऊन सर्वांत कडक असते तेव्हाच मालक एकटा असतो. चितळ्यांचा विनोद सांगून हसणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी.

उद्योगपतींच्या तासांचेही असेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे म्हटले, जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे सुब्रह्मण्यन नव्वदपर्यंत गेले, आणि देशभर मोठी चर्चा झाली. आमच्या किराणावाल्याला या चर्चेत कुणी बोलावले नाही. तो सकाळी आठ ते रात्री साडेनऊ असा साडेतेरा तास उभा असतो, सात दिवस. साडेचौऱ्याण्णव तास झाले. रोज दुपारी तीन तास दुकान बंद ठेवले तरी त्याचे साडेत्र्याहत्तर भरतात. मूर्तींच्या सत्तरीपेक्षा वरच. तरी आळशी तोच!

कायद्याकडे पाहावे तर तिथेही त्याच्यासाठी ओळ नाही. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आहे, साप्ताहिक सुट्टी आहे, तासांची मर्यादा आहे. पण मूळ कायद्यात हे सगळे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी होते आणि अर्थात कामगारांना. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांवर न्यायला आणि दिवसाचे तास नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. म्हणजे मिरची गल्लीतला मालक सोडाच, त्याच्याकडचा पोऱ्याही कायद्याच्या सावलीबाहेर. शटर उघडे राहिले तर तोही उघड्यावरच. दुपारचा मुद्दा फक्त मालकाच्या आरामाचा आहे असे समजणाऱ्यांना हा पोऱ्या दिसत नाही.

इतके उपदेश ऐकून दुकानदाराने शोधलेली तडजोड म्हणजे अर्धे शटर. मला या लेखात सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा आहे. दोन वाजता मालक शटर कमरेपर्यंत ओढतो, आत पुठ्ठा अंथरतो, चष्मा काढून गल्ल्यावर ठेवतो. पाच मिनिटांत बाहेरून कुणीतरी वाकते: ‘शेठ, चालू आहे का?’ चालू आहे म्हणावे तर झोप गेली, नाही म्हणावे तर तोंड दिसलेले आहे. उठतो, दहा रुपयांची वस्तू देतो, सुट्टे नाहीत म्हणून दोन मिनिटे घालवतो, पुन्हा आडवा होतो. मग कंपनीचा ऑर्डर घेणारा येतो, कारण त्याला त्याच्या साहेबाने दुपारीच फिरायला लावलेले असते. मग कुरियर. मग घरून फोन, ‘जेवलात का?’ अर्धे शटर खाली म्हणून हवा येत नाही, अर्धे वर म्हणून झळ येते. साडेचारला तो उठतो तेव्हा धंदा झालेला नसतो आणि विश्रांतीही नाही. वर संध्याकाळी तो मित्राला सांगतो, ‘दुपारी जरा पडलो होतो.’ तो पडलेला नव्हता, पहाऱ्यावर होता. दुकान एक तर पूर्ण उघडे असावे, नाहीतर कुलूप बाहेरून दिसावे.

पूर्वी हे सोपे होते, कारण दुकान खाली आणि घर वर किंवा मागे. आज दुकान जुन्या पनवेलात आणि घर नवीन पनवेलला, करंजाड्याला नाहीतर कामोठ्याला. दुपारी घरी जायचे, जेवायचे, पाऊण तास पाठ टेकायची, परत यायचे, तर तासाभराच्या सुट्टीत भागत नाही. म्हणूनच तीन तास. ‘एक तास बंद ठेवा, बस झाला’ म्हणणारे मध्यममार्गी लोक उन्हातून स्कूटर चालवण्याचा हिशेब धरत नाहीत.

आता खरा आक्षेप. याला मी वजन देतो, कारण तो शिबिरातून आलेला नाही, बाजारातूनच आलेला आहे. ‘अहो, उन्हाळा हाच आमचा सीझन. तेव्हा झोपायचे तर कमवायचे कधी?’ मिरचीवाला असे म्हणतो तेव्हा तो खरेच बोलतो. मार्च ते मे या काळात रायगडातल्या घराघरांत वर्षाचा मसाला होतो. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्या पोत्यांनी येतात, धणे-हळकुंड-दगडफूल तोलले जाते, डंकावर रांगा लागतात. पाठोपाठ आगोट: पावसाआधीची बेगमी, सुकी मासळी, कांदे, कडधान्ये, ताडपत्री, छत्र्या. त्यातच लग्नसराई, म्हणजे कापड, भांडी, सोनार, केटरर, मंडपवाले. आणि मुंबई-गोवा महामार्ग पनवेलपासूनच सुरू होतो, त्यामुळे मे महिन्यात गावी निघालेला चाकरमानी इथे थांबून काहीबाही घेतो.

पण सीझन आहे म्हणजे दुपार आहे, असे होत नाही. मिरची घ्यायला आलेली बाई भर दुपारी येत नाही. ती सकाळी येते, कारण घरी नेऊन त्याच दिवशी मिरचीला ऊन दाखवायचे असते. तिची दुपार गच्चीवरच्या राखणीत जाते. लग्नाचा बस्ता बांधायला दहा माणसांचे कुटुंब निघते ते ऊन उतरल्यावर. सीझनचे खरे तास सकाळी आठ ते साडेबारा आणि संध्याकाळी पाच ते दहा. डंकावर दिवसभर मिरचीच्या खकाण्यात उभा राहिलेला माणूस संध्याकाळी कसा असतो, ते त्याच्या डोळ्यांकडे पाहून कळते. सीझनला जास्त कमवायचे तर संध्याकाळी ताजे असायला हवे. त्यासाठी दुपार मोकळी हवी. गरज वाटली तर सीझनला सकाळी सातला उघडा, रात्री अर्धा तास उशिरा बंद करा. तास बदला, वाढवत नेऊ नका.

ज्यांना बंद ठेवता येणारच नाही असेही धंदे आहेत, त्यांचा विषय दोन ओळींत. औषधांची दुकाने, एसटी स्टँडजवळची खाण्याची ठिकाणे, रसवंती, एसी-फ्रिज दुरुस्तीवाले. त्यांचा धंदाच दुपारचा. त्यांनी सकाळी उशिरा उघडावे, आळीपाळीने बसावे. हातगाडीवाल्याला तर ओढायला शटरच नाही. त्याच्यासाठी महापालिकेने बाजारात सावली आणि पाणी द्यावे.

बायकांच्या धंद्यांना मात्र दोन ओळी पुरणार नाहीत. पार्लर, शिवणकाम, पापड-कुरडयांच्या ऑर्डरी, डबे आणि खानावळी. ‘दुपारी दुकान बंद केले की आराम’ हे वाक्य पुरुष मालकापुरते खरे आहे. पार्लरवाली ताई दुपारी कुलूप लावून घरी जाते ती उष्टी भांडी, सुट्टी लागलेली मुले आणि सासऱ्यांचे जेवण यांच्याकडे. खानावळवाल्या मावशींना दुपारच्या डब्यांनंतर तास मिळतो, तोही संध्याकाळची भाजी निवडण्यात जातो. त्यामुळे उलटेच होते: कित्येक जणींना दुकानातच जरा बसायला मिळते, म्हणून त्या दुपारी दुकान उघडे ठेवतात. त्यांना बाजाराच्या ठरावाने विश्रांती मिळणार नाही. ती घरातल्या बाकीच्यांनी उठून ताटे उचलण्याने मिळेल. दुपारी घरी येऊन पंख्याखाली आडवे होणाऱ्या पुरुष दुकानदारांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

दुसऱ्या टोकाचे उपदेशकही कमी नाहीत. त्यांच्या मते मालकाने कामे वाटून द्यावीत, सकाळी ध्यान करावे, वर्षातून दोनदा डोंगरात जावे. कामे कुणाला वाटणार? काउंटरवर एकच माणूस आहे. असले सल्ले विश्रांतीला माणसाचा वैयक्तिक गुण समजतात: ज्याला जमले तो शहाणा, ज्याला जमले नाही त्याचे नियोजन कच्चे. चोवीस तासवाले आणि ध्यानवाले, दोघांची चूक एकच. दोघेही एकट्या दुकानदाराशी बोलतात.

प्रश्न एकट्याचा नाही. दुकानदार दुपारी उघडे ठेवतो ते नऊशे रुपयांसाठी नाही, शेजारच्याच्या भीतीने. समोरचा उघडा आहे आणि मी बंद आहे, तर माझे गिऱ्हाईक कायमचे तिकडे जाईल. समोरच्यालाही हीच भीती. दोघे मिळून एका ओसाड गल्लीची राखण करतात. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे सक्तीचे होते. त्या कायद्यावर इन्स्पेक्टर-राज वगैरे टीका झाली, त्यातली बरीच रास्त होती. पण त्याने एक गोष्ट साधली होती: सगळे एकदम बंद, म्हणून कुणाचेच गिऱ्हाईक पळत नव्हते. २०१७ च्या कायद्याने ३६५ दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली, आणि ती मुभा छोट्यासाठी हळूहळू सक्ती झाली. चोवीस तासांची परवानगीही तशीच आहे. तिचा उपयोग तीन पाळ्या लावू शकणाऱ्याला.

‘गिऱ्हाईकाला सवय होणार नाही’ हे म्हणणे तर मी ऐकूनही घेत नाही. २० एप्रिल २०२१ पासून राज्यात किराणा आणि भाजीची दुकाने सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी होती. ते दिवस वाईट होते, ते परत नकोत, आणि बाकी दुकाने बंद राहिल्याने कित्येकांचे कंबरडे मोडले. पण गिऱ्हाईकाला वेळ पाठ व्हायला किती दिवस लागले? दोन-तीन. सगळीकडे वेळ एकच असली की ती पाठ होते. गोव्यात मडगाव-म्हापशाला दुपारी कित्येक दुकाने बंद असतात, हवा आपल्यासारखीच दमट. तिथला माणूस उपाशी मेल्याचे ऐकिवात नाही. केरळात कामगार खाते दर उन्हाळ्यात उन्हातली कामे दुपारी बारा ते तीन थांबवते. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद असते, आणि दुबईच्या विमानतळाला त्यामुळे काही कमी पडलेले नाही. आपल्या विमानतळावर दुपारी अडीचला उतरलेला प्रवासी टॅक्सी करून पाव किलो बेडगी मिरचीसाठी जुन्या बाजारात येईल, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा तरी तसा प्रवासी दाखवावा.

राहिली दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲपे. दुपारी दोनला घरात बसून कोथिंबीर मागवणारा माणूस तुमचे दुकान उघडे असते तरी उन्हात उतरला नसता. तो दुपारचा गिऱ्हाईक तुमचा कधी नव्हताच. ॲपशी लढायचे असेल तर संध्याकाळी लढा: ओळखीने, उधारीने, ‘काल नेलेला तांदूळ कसा लागला’ विचारून. त्यासाठी माणूस शुद्धीवर आणि हसरा लागतो.

तेव्हा पनवेलच्या व्यापारी मंडळांना माझे सांगणे सरळ आहे. सरकारकडे निवेदन घेऊन जाऊ नका, कायद्याची वाट पाहू नका. गल्लीनिहाय बसा. १५ एप्रिल ते ७ जून, दुपारी दीड ते साडेचार पूर्ण बंद, अशी एकच पाटी सगळ्या गल्लीत एकसारखी लावा. औषधे आणि खाण्यापिण्याची ठिकाणे वगळा. ज्याला मान्य नाही त्याच्यावर जबरदस्ती नको, पण गल्लीतली दहापैकी आठ शटरे खाली असली की उरलेल्या दोघांनाही बसून राहण्यात काही मिळत नाही हे आपोआप कळेल. कंपन्यांच्या ऑर्डरवाल्यांना आणि टेम्पोवाल्यांना आधी कळवा: माल सकाळी अकराच्या आत किंवा पाचनंतर. एक उन्हाळा करून पाहा, क्यूआर कोडची यादी ठेवा, जूनमध्ये मागच्या वर्षाशी ताडून पाहा. आकडे उलटे आले तर पुढच्या वर्षी पाटी काढून टाका. ठराव मात्र मार्च संपायच्या आत करा, कारण एप्रिलच्या पंधरवड्यानंतर कुणाच्याही डोक्यात बैठकीला बसण्याइतकी शांतता उरत नाही.